का विचारणारे काका

आमच्या पंख्यांच्या कारखान्यात ते आले तेव्हा त्यांचे केस दाट काळे होते आणि वय जेमतेम तिशीचं. तरी थोड्याच दिवसांत सगळा कारखाना त्यांना काका म्हणायला लागला. वाइंडिंग खात्यातल्या आमच्या मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या आईच्या वयाच्या, पण त्याही हाक मारायच्या, "अहो काका, जरा इकडे या." बाहेरचा कुणी हे ऐकून बुचकळ्यात पडला, की त्याला समजावून सांगावं लागे. हे नात्यातलं काका नव्हे. हा माणूस येता-जाता "का? का?" एवढंच विचारतो, म्हणून का-का.

मी तेव्हा वाइंडिंगला नवीनच लागले होते. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना टेबलं, प्रत्येक टेबलावर तांब्याच्या तारेचं रीळ. पंख्याच्या पोटात जो तारेनं गुंडाळलेला गोळा असतो त्याला स्टेटर म्हणतात. तो आम्ही बायका हातानं गुंडाळायचो. गोल फिरणाऱ्या मुठीची करकर, वॉर्निशचा डोक्यात जाणारा वास आणि आमच्यातल्या एकीचं गुणगुणणं. तिला आम्ही कोकिळाच म्हणायचो. ती गायला लागली की हात आपोआप चालायचे आणि जेवणाची सुट्टी कधी व्हायची ते कळायचंही नाही. आज तो वास कुठे आला, एखाद्या सुताराच्या दुकानापाशी वगैरे, तरी माझी पावलं रेंगाळतात.

काका मोठ्या ऑफिसातून आले होते. कामाची नासाडी कमी करायला माणूस पाठवलाय, असं आम्हाला कळलं होतं. नासाडी म्हणजे आम्हीच असणार, असा आमचा समज. त्यात हे गृहस्थ पहिले काही दिवस शेडच्या एका कोपऱ्यात नुसते उभे राहिले. बोलणं नाही, बसणं नाही. आम्ही पाणी प्यायला उठलो तरी बघायचे, कात्री शोधली तरी बघायचे.

"हेर आहे मेला," मोठ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "कोण किती वेळा उठतं ते वर कळवणार."

आणि मग त्यांनी घोळ घातलाच. एका सोमवारी आम्ही कामावर आलो तर टेबलं ओळखू येईनात. कात्र्या, पकडी, चिकटपट्ट्या, सगळं भिंतीवरच्या एका फळीवर टांगलेलं. प्रत्येक वस्तूच्या मागे पिवळ्या रंगानं तिचीच आकृती काढलेली. दिसायला फार देखणं. पण कात्री हवी तर दर वेळी उठून भिंतीपर्यंत जायचं. त्यात मोठ्या बाई डावखुऱ्या. त्यांची कात्री वेगळी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. तीच सापडेना.

मोठ्या बाईंनी मूठ सोडली आणि हाताची घडी घालून बसल्या. त्या बसल्या तशा आम्हीही बसलो. शेडमध्ये अशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

काका धावत आले. "का? का थांबलात?"

"माझी कात्री कुठाय?"

"फळीवर. बघा ना, प्रत्येकीची जागा..."

"तुमच्या घरी तुम्ही जेवायला बसल्यावर कुणी ताट उचलून शेजारच्या खोलीत ठेवलं, तर चालेल तुम्हाला?"

कुणीतरी फिसकन हसलं. काकांचे कान लाल झाले. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण ते फळीसमोर गेले आणि स्वतःच्या हातानं एकेक वस्तू काढून जिच्या तिच्या टेबलावर आणून ठेवायला लागले. मोठ्या बाईंची कात्री फळीखाली पडली होती. ती त्यांनी रुमालानं पुसून दिली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी बघितलं सगळं, विचारलं काहीच नाही. आता तुम्ही सांगा, कुठे हवी?"

"इथे," मोठ्या बाईंनी टेबलाच्या डाव्या कडेवर टिचकी मारली. "दोरीला बांधून. म्हणजे पडणार नाही आणि कुणी पळवणारही नाही."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कात्र्या दोरीला लागल्या होत्या, जिच्या तिच्या सोयीच्या बाजूला.

त्यानंतर त्यांनी रोज सुट्टी व्हायच्या आधी पाव तास आमच्यात येऊन बसायला सुरुवात केली. काम थांबवून, कामाच्याच वेळात. विषय एकच, आज काय टोचलं? सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग कोकिळेनं स्टुलाचा खिळा वर आलाय म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी खिळा ठोकलेला होता. एवढ्याशा गोष्टीनं जादू झाली. आम्ही त्याला गाऱ्हाण्यांचा पाव तास म्हणायचो. पुढे पुढे तर घरून निघतानाच मनात घोळायचं, की आज काय सांगायचं.

त्याच सुमारास टेस्टिंगला आमचे स्टेटर बरेच नापास व्हायला लागले. नापास झाला की तार उलगडून फेकायची आणि सगळं पहिल्यापासून. टेस्टिंगवाले भाऊ आमच्यावर डाफरायचे, आम्ही त्यांच्यावर. काकांनी दोघांनाही बरोबर घेतलं आणि त्यांचं सुरू झालं.

"नापास का?"

"तार खरचटलीय," भाऊ म्हणाले.

"का खरचटली?"

"क्रेटमध्ये एकावर एक रचतात ह्या."

काका आमच्याकडे वळले. "का रचता?"

"गाडी येईपर्यंत ठेवायचे कुठे? डोक्यावर?" मोठ्या बाई म्हणाल्या.

मग मोर्चा गाडीवाल्या मामांकडे. मामा म्हणजे ढकलगाडी घेऊन ह्या शेडमधून त्या शेडमध्ये माल नेणारे शांत गृहस्थ. "मामा, तुमची गाडी दिवसातून दोनदाच का येते?"

"मधल्या वेळात कँटीनची पाण्याची पिंपं आणतो ना."

"तुम्ही का? कँटीनला स्वतःची गाडी आहे."

"तिचं चाक मोडलंय."

"कधी?"

मामांनी आठवायचा प्रयत्न केला. "आधीच्या मॅनेजरसाहेबांच्या वेळी बहुतेक."

आधी कुणाला कळलं नाही. मग भाऊच हसत सुटले. कँटीनच्या गाडीचं चाक मोडलंय म्हणून इकडे पंखे नापास होत होते, आणि आम्ही एकमेकांच्या उरावर बसत होतो! काका मात्र हसले नाहीत. ते तडक सुताराकडे गेले. नवीन चाक बसलं, मामांची गाडी तासातासाला यायला लागली. क्रेट जाऊन त्यांच्या जागी खुंट्या असलेले लाकडी ट्रे आले. खुंट्यांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवायची कल्पना मोठ्या बाईंची, आणि ट्रेची उंची ठरवली काकांनी, आमच्या प्रत्येकीच्या कोपराशी माप लावून. नापास स्टेटर अगदी थांबले नाहीत, पण भाऊंचं डाफरणं थांबलं.

एक प्रसंग मात्र मला हसत सांगता येत नाही. मोठ्या बाईंच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी असायची. त्यात त्या गुंडाळून तयार केलेले स्टेटर लपवून ठेवत. कधी तार वेळेवर आली नाही किंवा एखादीचं मूल आजारी पडलं, तर त्यातले काढून द्यायच्या आणि त्या मुलीचं काम भरून निघायचं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. आमच्या लेखी ती पेटी म्हणजे माहेर होतं. पण मध्येच पंख्याची रचना बदलली, तार बारीक झाली आणि पेटीतला सगळा माल एका दिवसात भंगार झाला. त्यांनी पेटी ओढून काकांच्या पुढ्यात आणली. आतले तळाचे स्टेटर तर गंजलेले होते.

"घ्या. करा काय करायचं ते," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

काका तिथेच फरशीवर बसले. एक स्टेटर हातात घेऊन फिरवत राहिले. "किती सुबक गुंडाळलाय," ते म्हणाले. मग, "तार वेळेवर येत नाही, हे तुम्ही ह्या पेटीत झाकून ठेवलं होतंत बाई. माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्या आठवड्यात ते स्वतः तारेच्या गोदामात ठाण मांडून बसले. पुढे तार वेळेवर यायला लागली. मूल आजारी पडलं तर काय, ह्याचं उत्तरही त्यांनी शोधलं. प्रत्येकीला शेजारणीचं काम शिकवायचं. त्यामुळे मी वॉर्निशची भट्टी चालवायला शिकले, आणि एरवी आपलं काम कुणाला न दाखवणाऱ्या भाऊंनी मला टेस्टिंगसुद्धा शिकवलं.

ह्याच दिवसांत एका पाव तासाला मोठ्या बाईंनी तो प्रश्न विचारला. "काका, खरं सांगा. तुमच्या ह्या सुधारणांनी काम लवकर उरकायला लागलं, की आमच्यातल्या किती जणींना घरी बसवणार?"

"एकीलाही नाही."

"लिहून देता?"

"तोंडानं देतो. चालेल?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल."

थंडी आली. थंडीत पंख्यांना गिऱ्हाईक नसतं. दर वर्षी आम्ही तरीही पंखे करतच राहायचो आणि गोदाम छतापर्यंत भरायचं. उन्हाळ्यापर्यंत निम्म्यांचा रंग उडायचा, खोकी उंदीर कुरतडायचे. काकांनी ते बंद करवलं. मागणी येईल तेवढंच करायचं. आता काम लवकर संपू लागलं आणि आम्ही दुपारी रिकाम्या बसू लागलो. दोनच आठवड्यांत ऑफिसातून निरोप आला, वाइंडिंगमधल्या सगळ्यात नव्या पाच जणी जास्त आहेत. त्यात मी होते. कोकिळाही होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी पाळण्यात. त्या दिवशी माझ्या हातून तार दोनदा तुटली.

काका आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "बाई, चला माझ्याबरोबर. आणि तुम्हीही," माझ्याकडे बघून म्हणाले. "तुमच्याविषयी बोलायचं ते तुमच्यासमोर बोलतो."

ते आम्हाला धाकट्या मालकांकडे घेऊन गेले. मालक वाईट नव्हते. आम्हाला खुर्च्या दिल्या. मग म्हणाले, "काका, काम कमी तुम्हीच केलंत. आता माणसं तेवढीच ठेवा म्हणता. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?"

"साहेब, मी शब्द दिलाय."

"मला विचारून दिला होता?"

"नाही. तिथे चुकलो." काका म्हणाले. "पण ह्यांना काढलंत, तर उद्यापासून मला कुणी काही सांगणार नाही. स्टुलाचा खिळासुद्धा नाही. आणि का सांगावं?"

मालक खिडकीबाहेर बघत राहिले. मोठ्या बाई घसा खाकरून म्हणाल्या, "मागच्या शेडमध्ये परत आलेले पंखे पडलेत ना? बिघडलेले?"

मला वाटतं, त्या नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या होत्या. पण काका ताडकन उठून उभे राहिले. "साहेब, मला ह्या पाच जणी तिथे द्या. उन्हाळा संपेपर्यंत. ते पंखे परत का आले, ते आम्ही शोधतो. दुरुस्त होतील तेवढे करून देतो."

"आणि तुमच्या बढतीचं काय? मोठ्या ऑफिसातली जागा तुमच्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबायची नाही."

"नाही थांबली तर नाही थांबली," काका म्हणाले.

हे ते जितक्या सहज बोलले तितकं ते सहज नव्हतं. काकांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मला ते कितीतरी वर्षांनी सांगितलं. मोठं ऑफिस होतं त्या शहरात वहिनींचे आईवडील राहायचे, थकलेले. वहिनींनी मनानं सामानसुद्धा बांधलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन काकांनी सांगितलं, तेव्हा त्या चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "रागात होते हो मी. माझी आई माझ्याशिवाय गेली. ते अजून सलतं," असं म्हणताना त्यांनी काकांची बाजूही घेतली नाही आणि तक्रारही केली नाही.

मागची शेड म्हणजे धुळीचं आगर होतं. पंख्यांचा ढीग, पात्यांवर कोळ्यांची जाळी, एकात तर चिमणीचं घरटं. आम्ही पदर खोचले, नाकाला फडकी बांधली आणि एकेक पंखा खोलायला लागलो. शेजारचीचं काम शिकलेलो असल्यामुळे पुढचं सगळं आमचं आम्हालाच करता यायचं. बहुतेक पंख्यांचं वाइंडिंग ठणठणीत निघालं, ह्याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला! काहींच्या बेअरिंगमध्ये वंगणच भरलेलं नव्हतं. आणि खूपसे पंखे नुसते थरथरतात म्हणून परत आले होते. पंख्याची तीन पाती एकाच वजनाची लागतात. ती तशी जुळवूनच आलेली असायची, पण खोक्यात भरणाऱ्या मुलींना एखादं पातं कमी पडलं की त्या शेजारच्या जोडातलं उचलायच्या. आम्ही सांगून पाहिलं, फरक पडेना. शेवटी कोकिळेनं सुचवलं, वजन झाल्या झाल्याच तिन्ही पाती सुतळीनं एकत्र बांधा. तिची सुतळी लागली, आणि पुढच्या वर्षी थरथरणारे पंखे परत यायचे जवळजवळ बंदच झाले.

पण कोकिळा तेव्हा तिथे नव्हती. त्या धुळीनं तिचा खोकला बळावला होता. काकांनी तिला परत वाइंडिंगला घ्यायची व्यवस्था केली, तोवर तिच्या घरच्यांनी नोकरी सोडायला लावली. काका तिच्या घरी दोनदा जाऊन आले. काही उपयोग झाला नाही. "मी शब्द पाळला नाही," असं ते त्यानंतर अधूनमधून म्हणायचे. आम्ही सांगायचो, अहो, तुम्ही तिला थोडंच काढलंत? ते मान हलवायचे. पुढे धूळ बाहेर जावी म्हणून त्या शेडला मोठ्या खिडक्या पाडल्या, तेव्हाही ते आत न येता बाहेरच उभे राहिले.

उन्हाळा संपला, आम्ही राहिलो. मागच्या शेडचं पुढे रीतसर दुरुस्ती खातं झालं, लोक स्वतःचे पंखे घेऊन थेट आमच्याकडे यायला लागले. काही वर्षांनी मी त्या खात्याची प्रमुख झाले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, मामा गेले, आणि काकांच्या डोक्यावर टक्कल पडलं. आता नाव आणि चेहरा जुळायला लागला म्हणून आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

एकदा वहिनींनी आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात डबे कसे मस्त हाताशी लावलेत, असं मी म्हटलं, तर त्या पोळपाट ठेवून हसायला लागल्या. "तुमच्या साहेबांनी लग्नानंतर एकदा इथे पाऊल टाकलं होतं. मीठ इथे का, आणि तेल तिथे का. मी उलथनं दाखवलं आणि सांगितलं, कारखान्यात काय ती का-का करा. तेव्हापासून ते उंबऱ्यावरूनच बोलतात." काका खरंच उंबऱ्यावर उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, आत यावं की नाही अशा विचारात.

आता वाइंडिंगला यंत्रं आहेत. शेडमध्ये दोनच मुलं असतात, कानाला काहीतरी लावून. काम स्वच्छ आणि झटपट होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मधे एकदा गेले होते, तर सुट्टीच्या आधी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. मी उगाच थोडा वेळ उभी राहिले. का उभ्या आहात, हेही कुणी विचारलं नाही.

काका-वहिनी हल्ली लेकीच्या गावी असतात. गेल्या महिन्यात फोन केला होता. ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून वहिनी मध्ये मध्ये ओरडून सांगत होत्या. ह्या वयात काका पोहायला शिकतायत! शिकवणारी त्यांच्या नातीएवढी.

"जमतंय का?" मी विचारलं.

"अजून काठ सुटत नाही," काका म्हणाले. "पण काल एक हात सोडला होता."

मागून वहिनी म्हणाल्या, "सोडला कसला, सुटला होता! ती पोरगी नसती तर..." आणि मग दोघंही असे हसायला लागले, की पुढचं मला काही नीट ऐकूच आलं नाही.